नकाशातला राखणदार

अंत्रूज महालातील एका गावच्या देवस्थान समितीने गावातील देवळे, घुमट्या, तळ्या, पालखीच्या वाटा आणि उत्सवाच्या जागा यांचा नकाशा करण्याचे मनावर घेतले. हे काम संगणकावर करावयाचे ठरल्यामुळे त्यातला थोडा भाग माझ्याकडे आला. नकाशा यथाकाल तयार झाला, सभामंडपाच्या भिंतीवर लावला गेला, आणि बेळगाव, वडोदरा, इंदूर येथून जत्रेला आलेले कुळावी त्यावर बोट फिरवून आपले मूळ घर शोधू लागले. त्या गर्दीच्या मागे एक वयोवृद्ध गृहस्थ बराच वेळ उभे होते. गर्दी पांगल्यावर ते नकाशापुढे आले, चष्मा वर करून त्यांनी वेशीकडचा भाग न्याहाळला, आणि मला जवळ बोलावून एवढेच विचारले, "बाब, आमचो राखणदार खंय?"

वेशीजवळ, शेताच्या बांधाला लागून राखणदाराचे स्थान आहे. एक ठेंगणी घुमटी आणि तिच्याभोवतीचा जांभ्या दगडाचा चौथरा, एवढाच त्याचा पसारा. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद. मोजणीच्या वेळी मी स्वतः तेथे उभा होतो आणि चौथऱ्याचे चारही कोपरे आम्ही टिपून घेतले होते, हे मला पक्के आठवत होते. नकाशावर मात्र त्या ठिकाणी शेजारच्या शेताचा हिरवा रंग सलग पसरला होता. घुमटी नव्हती, चौथरा नव्हता. आणि तेथे काही होते व ते पुसले गेले, याची एवढीशीही खूण नव्हती.

ते कोणी पुसले, याचा शोध घेताना मी पहिल्या दिवशी समितीच्या तरुण कार्यवाहांवर संशय धरला, दुसऱ्या दिवशी यंत्रावर. तिसऱ्या दिवशी मला पुसणारा सापडला. तो मीच होतो. मात्र ज्या दिवशी राखणदार पुसला गेला त्या दिवशी मी त्या गावात नव्हतो, संगणकापुढे तर नव्हतोच. तीन महिन्यांपूर्वी लिहून ठेवलेल्या माझ्या चार ओळींनी माझ्या माघारी ते काम उरकले होते. त्या चार ओळींच्या निमित्ताने जो प्रश्न मनात उभा राहिला, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे घडले कसे, ते सांगितले पाहिजे. संगणकातील नकाशा हा रंगवलेला कागद नव्हे. तेथे प्रत्येक वस्तू बिंदू, रेषा किंवा बंदिस्त आकृती या रूपाने साठविलेली असते, आणि तिच्या नावाने एका तक्त्यात एक ओळ असते: नाव, प्रकार, क्षेत्रफळ, मालक, जे काही लिहावयाचे ते. अशा नकाशांचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थेला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात. कॅनडा देशातील जमिनीची प्रतवारी करण्यासाठी रॉजर टॉमलिन्सन या भूगोलज्ञाने १९६० नंतरच्या दशकात अशी पहिली मोठी प्रणाली उभी केली. पुढे वीस-पंचवीस वर्षे ही विद्या सरकारी खाती, सैन्य आणि मोठ्या कंपन्या यांच्याच आवारात राहिली. मग २००२ साली अलास्कामधील गॅरी शर्मन यांनी एक प्रणाली लिहावयास घेतली. तीच आज क्यूजीआयएस या नावाने जगभर वापरली जाते. ती कोणालाही विनामूल्य घेता येते, तिची घडण कोणालाही वाचता येते. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, तिच्यात स्वतःची भर कोणालाही घालता येते.

ही भर पायथन नावाच्या भाषेत घालतात. (नाव ऐकून सर्प डोळ्यांपुढे येतो, परंतु ती भाषा करणाऱ्या गृहस्थांनी ते एका विनोदी इंग्रजी कार्यक्रमावरून घेतले आहे.) मूळ प्रणालीला जे ठाऊक नाही, ते तिला या भाषेत शिकविता येते. अशा पूरक आज्ञावलीला प्लगइन म्हणतात. प्लगइन लिहिणाऱ्यावर प्रणाली दोन गोष्टींची सक्ती करते. आत येताना काय मांडावयाचे ते एका ठिकाणी लिहिले पाहिजे, आणि बाहेर जाताना मांडलेले सर्व कसे आवरावयाचे ते दुसऱ्या ठिकाणी. पूजेला आवाहन आहे तसे विसर्जनही आहे, हे जाणणाऱ्यास ही शिस्त परकी वाटू नये. मला ती पहिल्या वाचनातच आवडली होती. तिच्यातली एक उणीव मात्र तेव्हा ध्यानात आली नाही: प्लगइनने मांडलेली चिन्हे आवरण्याचा विधी प्रणाली सांगते, पण प्लगइनने जे पुसले त्याचे काय करावे याविषयी ती मौन पाळते.

आता त्या चार ओळी. गावाचा एक जुना आराखडा आमच्याकडे होता आणि उपग्रहातून घेतलेले एक नवे चित्र होते. दोन्ही एकमेकांवर ठेवले की सीमा तंतोतंत जुळत नाहीत. याचे एक कारण फार जुने आहे. लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासेजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला हात घातला. तिच्या आधारे एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार ठरविला, त्यावर आपले जुने नकाशे उभे आहेत. उपग्रहांचे नकाशे वेगळ्या आकारावर बेतलेले आहेत. दोहोंतील फरक न सांभाळता एकच अक्षांश-रेखांश दोन्हींवर मांडले, तर आपल्या भागात शे-दीडशे मीटरांची तफावत पडते. फरक सांभाळला तरी मीटर-दोन मीटरांची कुरबूर उरतेच. मग दोन सीमांच्या मध्ये निमुळत्या, अर्थहीन पट्ट्या तयार होतात. दगड फोडताना उडणाऱ्या कपच्यांसारख्या त्या असतात, म्हणून आपण त्यांना कपच्याच म्हणू. आमच्या नकाशात अशा शेकडो कपच्या होत्या. एकेक हाताने काढण्याचा मला कंटाळा आला. मी प्लगइनमध्ये लिहिले की, ३० चौरस मीटरांहून लहान असलेली प्रत्येक आकृती निवडावी आणि जिच्याशी तिची सर्वांत लांब सीमा लागून आहे अशा शेजारच्या आकृतीत ती विलीन करावी. कळ दाबताच नकाशा स्वच्छ झाला. त्या वेळी झालेला आनंद मला अजून आठवतो, आणि त्याचीच आता लाज वाटते.

राखणदाराचा चौथरा २५ चौरस मीटरांचा. अर्धा मीटर रुंद आणि पन्नास मीटर लांब अशी एखादी कपचीही २५ चौरस मीटरांचीच. माझ्या नियमाच्या दृष्टीला दोघांत काहीच भेद नव्हता. पुढे मी जुन्या प्रतीशी ताडून पाहिले, तेव्हा असे दिसले की राखणदाराबरोबर आणखी सहा स्थाने गेली होती, आणि त्यांत सातेरीचे एक वारूळ होते. ज्याला आपण रोयण म्हणतो आणि ज्या मातीच्या उंचवट्यापुढे गावातली लेकुरवाळी बाई वाकते, ते माझ्या गणिताने भाताच्या खाचरात मिळवून टाकले.

आता मूळ प्रश्न. हे कर्म कोणाचे?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. आमच्या प्रकरणाला ही पाचही लावून पाहावी. अधिष्ठान म्हणजे आधार, तो मोजणीचा संग्रह. करण म्हणजे साधन, ती प्रणाली. चेष्टा म्हणजे कळ दाबण्याची क्रिया, ती कार्यवाहांची. दैव म्हणावयाचे तर घुमटीवर आलेली आंब्याची फांदी. तिच्या सावलीमुळे उपग्रहाच्या चित्रात घुमटी दिसली नाही आणि कोणाला शंकाही आली नाही. राहिला कर्ता. कार्यवाहांनी कळ दाबली, पण त्या कळेच्या पोटात असा काही नियम आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. "नकाशा साफ करणे" एवढेच तिच्यावर लिहिले होते, आणि ते शब्दही माझेच. मला नियम ठाऊक होता, पण तो केव्हा, कशावर चालेल हे मला ठाऊक नव्हते. ज्याने केले त्याला ज्ञान नाही, ज्याला ज्ञान त्याने केले नाही. या फटीतून राखणदार नाहीसा झाला.

येथे एक सोपा बचाव उपलब्ध आहे, आणि तो माझ्या मनाने तत्काळ पुढे केलाही. सुताराच्या हातून पटाशी निसटून देव्हारा बिघडला तर आपण लोहाराला बोल लावीत नाही. मी लोहार, मी केवळ अवजार केले. परंतु हा बचाव टिकत नाही. पटाशीला मत नसते. कोणते लाकूड ठेवावे आणि कोणते तासावे, हे तिच्यात कोणी भरून ठेवलेले नसते; ते प्रत्येक वेळी सुताराला ठरवावे लागते. माझ्या चार ओळींत मात्र मत होते. ३० चौरस मीटरांखालील भूमी ही भूमीच नव्हे, हे ते मत. मी ते एकदाच मनाशी धरले आणि साधनात पुरून ठेवले. साधनात जेव्हा निर्णय पुरलेला असतो, तेव्हा करण आणि कर्ता यांच्यामधली रेघ पुसट होते. हात दुसऱ्याचा असतो आणि निवड आपली.

याला पटाशीपेक्षा पायलीचा दृष्टांत अधिक जवळचा वाटतो. समजा, एका कारागिराने तळाशी थोडी उथळ असलेली पायली केली. वाण्याला ते ठाऊक नाही, तो प्रामाणिकपणे माप भरतो. गिऱ्हाईक प्रामाणिकपणे दाम मोजते. दोघेही देवाला भिऊन वागणारे आहेत, आणि तरीही त्या दुकानात रोज चोरी होते. कारागीर आपल्या घरी निवांत झोपलेला असतो. त्याने कपट केले नसेल, नुसती हयगय केली असेल. तेवढ्याने माप पुरे होत नाही.

काहींना येथे निष्काम कर्माची आठवण होईल. मला संगणकाचे काम करणाऱ्या अनेक मंडळींत हा सूर ऐकू येतो: आपण लिहावे, फळाची चिंता आपली नव्हे. शास्त्राचा हा मोठा सोयीस्कर उपयोग झाला. फळाची आसक्ती सोडावी असे सांगितले आहे, फळाकडे पाहूच नये असे नव्हे. ज्या आचाऱ्याला दक्षिणेची हाव नाही, त्यालाही समाराधनेचा भात कच्चा ठेवण्याची मुभा मिळत नाही.

माझा भाचा हेच काम व्यवसाय म्हणून करतो. त्याच्यापुढे हे सारे मांडले तेव्हा त्याने मला चांगलेच अडविले. तो म्हणाला, "मामा, तुम्ही उगाच जीव जाळता. हाताने नकाशे काढणारेही गाळतच होते. प्रमाण लहान झाले की बारीक वस्तू गाळाव्याच लागतात, नाहीतर नकाशा वाचता कसा येईल? तुम्ही एका गावाचे बघता. मला तालुका करायचा असतो. नियम नसेल तर काम वर्षानुवर्षे संपायचे नाही."

यातील पहिला मुद्दा मी निमूट मान्य करतो. न गाळता नकाशा होत नाही. जे सर्व दाखवील ते गाव स्वतःच होय. हाताने काढणाऱ्याच्या गाळण्यात आणि माझ्या गाळण्यात तरीही एक भेद मला दिसतो. तो माणूस प्रत्येक वस्तूपाशी क्षणभर तरी थांबत होता. घुमटीपाशी येऊन त्याने ती सोडली तर सोडली. पण ती आहे हे त्याला कळलेले असे, आणि विचारल्यास सांगता येई. माझ्या नियमाने सात स्थाने सोडली आणि ती सोडली हे कोणालाही कळले नाही, त्यालाही नाही आणि मलाही नाही. गाळणे क्षम्य असेल. न पाहता गाळणे हा निराळा प्रकार आहे.

भाच्याच्या दुसऱ्या मुद्द्याला मात्र मला चटकन उत्तर देता आले नाही, म्हणून मी नियमच सुधारावयास बसलो. आकृती किती भरीव आहे हे मोजण्याची एक रीत आहे. क्षेत्रफळाला चार पायने गुणावे आणि परिमितीच्या वर्गाने भागावे. वर्तुळाचे उत्तर १ येते, चौरसाचे ०.७९ च्या जवळ, आणि बारीक लांब पट्टीचे शून्याकडे झुकते. पन्नास मीटरांच्या त्या कपचीचे उत्तर ०.०३ आले, राखणदाराच्या चौथऱ्याचे ०.७९. दोघांना वेगळे ओळखणारा डोळा मला मिळाला, म्हणून मी क्षेत्रफळाची अट काढून ही अट घातली. वारूळ परत आले, राखणदार परत आला. आणि पालखीची वाट गेली! दोन मीटर रुंद आणि तीनशे मीटर लांब असलेली ती वाट, भरीवपणाच्या कसोटीला ०.०२ वर उतरली. पहिल्या नियमात ती मोठी म्हणून तरली होती, दुसऱ्यात बारीक म्हणून बुडाली. मग दोन्ही अटी एकत्र केल्या: लहानही असावी आणि बारीकही असावी. वाट परत आली; परंतु तळीवरून अभिषेकाचे पाणी आणण्याची पाऊण-एक मीटर रुंदीची पंचवीस मीटर पायवाट या वेळी गळाली. ती लहानही आहे आणि बारीकही. कपचीची सर्व लक्षणे तिच्यात आहेत. फरक इतकाच की त्या वाटेने पिढ्यानपिढ्या घागर येते.

या खटाटोपात मला जे उमगले ते हे की, चौथ्या अटीने पाचवी चूक झाकली असती, संपविली नसती. कपची आणि पायवाट यांतला भेद आकृतीत नाहीच. तो गावाच्या स्मरणात आहे, आणि नियम फक्त आकृतीला विचारू शकतो.

हा केवळ भाविकपणाचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे संरक्षित स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरांपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. आपल्याकडचे तांबडी सुर्ला येथील महादेवाचे देऊळ असे संरक्षित आहे. असे १०० मीटरांचे वलय काढण्याचे काम आता प्रणालीवर होते, आणि ते सोपे व्हावे म्हणून प्लगइन लिहिणारे असतातच. आता पाहा: कायदा सीमेपासून मोजावयास सांगतो. लिहिणाऱ्याजवळ देवळाचा एकच बिंदू असेल आणि त्याने त्या बिंदूपासून मोजले, तर वलय चारही बाजूंनी आत सरकते. याहून बारीक गोष्ट आहे. प्रणाली वर्तुळ खरोखर वर्तुळ म्हणून काढीत नाही, सरळ रेषांचे तुकडे जोडून काढते. क्यूजीआयएसमध्ये काही वेगळे सांगितले नाही तर पाव वर्तुळाला पाच तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी ती रेषा खऱ्या वर्तुळाच्या आत असते. १०० मीटरांच्या वलयात ही तूट सुमारे सव्वा मीटर भरते. सव्वा मीटर म्हणजे एक भिंत आणि तिच्याबाहेरचे गटार. एका माणसाला परवानगी मिळते आणि त्याच्या शेजाऱ्याला नाकारली जाते. दोघांचाही असा समज होतो की कायद्याने निवाडा केला. प्रत्यक्षात तो "पाच" या आकड्याने केलेला असतो, आणि तो आकडा कोणी विचारपूर्वक निवडलाही नसतो, फक्त बदलला नसतो. न बदलणे हाही निर्णयच होय, हे मात्र अशा वेळी कोणाच्या मनात येत नाही.

आणखी एका गोष्टीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण तिने मला राखणदारापेक्षाही अधिक विचारात पाडले. आमच्या तक्त्यात सत्तर स्थाने होती. प्रकाराच्या रकान्यात कोठे "मंदिर", कोठे "घुमटी", कोठे "तळी" असे लिहिले होते. मी प्रणालीला विचारले, मंदिरे कोणती? तिने एक्केचाळीस दाखविली. मग विचारले, जी मंदिरे नाहीत ती कोणती? तिने बावीस दाखविली. एक्केचाळीस आणि बावीस मिळून त्रेसष्ट. सात स्थाने "आहे" मध्येही नव्हती आणि "नाही" मध्येही नव्हती. त्या सातांच्या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते, आणि रिकाम्या रकान्याची कशाशीही तुलना केली तरी उत्तर रिकामेच येते, होय नाही आणि नव्हेही नाही. तज्ज्ञांना हे चांगले ठाऊक असते. मला ते पुस्तकातून ठाऊक होते, अनुभवातून नव्हते.

आपल्या वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले आणि त्याचे चार भेद केले. वस्तू होण्यापूर्वीचा प्रागभाव, नष्ट झाल्यावरचा प्रध्वंसाभाव, जेथे ती कधीच नव्हती व नसणार तेथला अत्यंताभाव, आणि ही ती नव्हे असा अन्योन्याभाव. पूर्वी मला हे वर्गीकरण पंडितांची हौस वाटत असे. गोव्यात राहणाऱ्याला तरी ते तसे वाटू नये. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. मूळ स्थानी जी रिकामी जागा उरली, तिचा रिकामेपणा आणि जेथे कधी देऊळच नव्हते त्या माळाचा रिकामेपणा हे एकच आहेत काय? कुळाव्याला विचारा. तक्त्यात मात्र दोघांसाठी एकच रिकामा रकाना आहे. त्यातही एका देवतेला एकच ओळ आणि एका ओळीला एकच जागा, असे मी सोयीसाठी ठरवून टाकले होते. म्हणजे मूळ स्थान लिहावे तर आजचे खोडावे लागे, आजचे लिहावे तर मूळ. हा दोष प्रणालीचा नव्हे. तिच्यात दोन तक्ते करून ते एकमेकांना जोडता येतात; देवता एका तक्त्यात, स्थाने दुसऱ्यात. मीच आळस केला होता. पुढे तसे केले, आणि स्थानांच्या तक्त्यात "आहे", "होते", "कधीच नव्हते" आणि "अजून पाहिले नाही" असे चार स्पष्ट शब्द घातले. वैशेषिकांच्या चार भेदांशी हे चार जुळत नाहीत याची मला जाणीव आहे; गावाच्या कामाला ते पुरतात.

राहिले ते प्लगइन. त्यातला पुसण्याचा नियम मी काढून टाकला नाही. भाच्याचे म्हणणे खरे होते, नियमावाचून काम होत नाही. पण आता तो पुसत नाही. संशयित आकृतींची यादी करतो. यादीत प्रत्येकीपुढे एक रकाना आहे, त्यात "काढावी" किंवा "ठेवावी" असे कोणीतरी लिहावे लागते आणि खाली आपले नाव घालावे लागते. नाव घातल्यावाचून आकृती हलत नाही. जी काढली जाते तिची मूळ प्रत, तारीख आणि कारण वेगळ्या ठिकाणी राहते. कळेवरचे शब्दही बदलले. "नकाशा साफ करणे" याऐवजी आता तेथे "लहान व अरुंद आकृती तपासणे" असे लिहिले आहे. आणि तिच्याखाली, कोणत्या मापाला लहान मानले आहे आणि ते माप कोणी ठरविले, तेही. प्लगइन मूळ प्रणालीप्रमाणेच खुले आहे, ज्याला हवे त्याने वाचावे. परंतु खुलेपणाच्या आड मी पुन्हा दडणार नाही, कारण पहिल्या चार ओळीही खुल्याच होत्या आणि त्या कोणीही वाचल्या नव्हत्या. देवळाच्या हिशेबाची वही सभामंडपात ठेवली म्हणून हिशेब तपासला गेला असे होत नाही.

भाच्याने हे पाहिले आणि हसून म्हणाला, "मामा, तुम्ही तर वेग घालवून बसलात." खरे आहे. २०२१ साली केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम सैल केल्यापासून भारतातील संस्थांना पूर्वपरवानगीवाचून असली कामे करता येतात. शेजारच्या दोन गावांच्या समित्याही त्यामुळे पुढे आल्या, आणि तिन्ही गावांचे काम एकत्र करावयाचे ठरले. त्या एकत्रित नकाशावर कार्यवाहांनी प्लगइन चालविले, तेव्हा संशयितांची यादी १,११२ वर गेली. त्यांनी मला दूरध्वनी केला. आवाजात वैताग होता. एवढे कोण पाहणार, जुना नियम परत घालता येणार नाही का, अशी त्यांची मागणी होती, आणि ती अगदीच गैर होती असे मी म्हणणार नाही. पगार नसलेल्या माणसावर मी ओझे टाकले होते. माझ्या मनःशांतीची किंमत त्यांच्या संध्याकाळींनी का भरावी, या प्रश्नाला माझ्याजवळ पुरते उत्तर अद्याप नाही. मी एवढेच केले की, निम्मी यादी स्वतःकडे मागून घेतली.

रविवारी गावात गेलो तेव्हा ते वृद्ध गृहस्थ सभामंडपात बसले होते. यादीची गोष्ट त्यांच्या कानांवर आली होती. आकडा ऐकून ते मुळीच दचकले नाहीत. बोटांवर काहीसा हिशेब करून म्हणाले, "दिसाक धा पळयात. चार म्हयन्यांनी सोंपतलें." मग काठी घेऊन उठले, आणि पहिली दहा पाहण्यासाठी आमच्याबरोबर चालू लागले. या घडीला आम्ही तीनशे चाळिसाव्या आकृतीपाशी आहोत. आतापर्यंत दोनशे शहाण्णव कपच्या निघाल्या, एकेचाळीस स्थाने निघाली. आणि तीन जागा अशा आहेत की तेथे काय होते याविषयी त्यांचे आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचे एकमत होत नाही. त्या तिघींपुढचा रकाना तूर्त "अजून पाहिले नाही" असाच ठेवला आहे.